खानदेशातून गेलेले ग्रंथ

धुळ्याहून आग्रा रोडने उत्तरेला निघाले की वीसेक किलोमीटरवर सोनगीर लागते. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी हे गाव खानदेशभर ओळखले जाते. लग्नात रुखवतावर ठेवलेली घागर सोनगीरची आहे, असे आजही कौतुकाने सांगितले जाते. गावाला लागूनच टेकडीवर किल्ला आहे. वर चढून उत्तरेकडे पाहिले की या किल्ल्याची जागा का निवडली असेल ते नकाशाशिवाय कळते. महामार्ग पायथ्याशीच आहे. पुढे तो सावळद्याला तापी ओलांडून शिरपूरकडे जातो. नदीच्या काठाने वरच्या अंगाला गेले की थाळनेर लागते, फारुकी सुलतानांची पहिली राजधानी. तशीच तापी धरून चोपडा, यावल, रावेर मागे टाकत गेले की बऱ्हाणपूर, त्यांची दुसरी आणि शेवटची राजधानी. सुरतेहून नंदुरबार, थाळनेर, चोपडामार्गे बऱ्हाणपूरला जाणारी जुनी व्यापारी वाटही याच मुलखातून जात असे. इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो १६१५ मध्ये तिच्यावरूनच बऱ्हाणपूरला पोहोचला.

या वाटांवरून कापूस गेला, नीळ गेली, फौजा आणि खजिने गेले. हे सगळे शाळेच्या इतिहासात येते. याच मुलखातून पुस्तकेही गेली, ती मात्र त्यात येत नाहीत. खानदेशात दोनशे वर्षांहून अधिक काळ एका राजघराण्याची सत्ता होती. त्या घराण्याची राजभाषा फारसी होती आणि त्याच्याकडे ग्रंथसंग्रह होता. तो संग्रह कुठे गेला, हा प्रश्न मला बरीच वर्षे छळतो आहे. त्याचे उत्तर शोधायचे तर आधी फारसी हस्तलिखित हातात धरून वाचायला शिकावे लागते. इथे वाचायचे म्हणजे मजकूर वाचायचा असे नाही. कागद, शाई, शिक्के, कोरी पाने, फाटलेले कोपरे आणि किड्याने पाडलेली भोके, हे सगळेच वाचायचे.

फारुकींच्या संग्रहाचा एक उल्लेख मिळतो, तो फिरिश्त्याच्या इतिहासात. मुहम्मद कासिम फिरिश्ता हा विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाचा इतिहासकार. १६०४ मध्ये आदिलशहाची मुलगी बेगम सुलतान हिचे लग्न अकबराचा मुलगा दानियाल याच्याशी झाले आणि तिच्या पालखीबरोबर फिरिश्ता बऱ्हाणपूरला आला. तोवर फारुकींचा अशीरगड पडून तीन वर्षे झाली होती. जानेवारी १६०१ मध्ये बहादूरशहा फारुकीने गड सोडला, राज्य संपले आणि दानियालच्या नावावरून सुभ्याचे नावही दानदेश करण्यात आले. फिरिश्त्याने बऱ्हाणपुरात फारुकींच्या कुळाची चौकशी केली, तेव्हा त्यांच्या ग्रंथसंग्रहातल्या एका पुस्तकातून उतरवून घेतलेली वंशावळ त्याला मिळाली. ती त्याने आपल्या इतिहासात घातली. म्हणजे राज्य बुडाल्यानंतर त्या संग्रहातले निदान एक पुस्तक कुणीतरी उघडले होते, वाचले होते, त्यातली पाने नकलून घेतली होती.

जिंकलेल्या राजाचा ग्रंथसंग्रह खजिन्याप्रमाणेच जप्त व्हायचा, तेव्हाची रीतच तशी होती. दरबारातल्या माणसाचे पुस्तकही त्याच्या मरणानंतर पादशहाकडे जमा व्हायचे. १५९१ मध्ये अकबराचा वकील म्हणून राजा अलीखान फारुकीकडे आलेला कवी फैजी १५९५ मध्ये वारला, तेव्हा त्याच्याकडे ४,६०० पुस्तके निघाली आणि ती सगळी शाही ग्रंथालयात गेली. तिथे विषय पाहून त्यांचे तीन वर्ग पाडले गेले. अकबराच्या मृत्यूच्या वेळी शाही संग्रहात २४,००० ग्रंथ होते आणि त्यांची किंमत ६४,६३,७३१ रुपये धरली होती, असे डच लेखक द लाएत नोंदवतो. पुस्तकाची किंमत रुपयाच्या शेवटच्या आकड्यापर्यंत मोजणारी ही व्यवस्था होती. म्हणूनच तिच्या खुणा पानांवर राहिल्या.

त्या खुणा कुठे पाहायच्या? फारसी पुस्तक उजवीकडून उघडते. मजकूर पहिल्या पानाच्या मागच्या बाजूला सुरू होतो. पुढची बाजू कोरी सोडलेली असते, कारण सगळ्यात आधी झिजणारी आणि मळणारी ती बाजू. ही कोरी बाजू म्हणजे मालकांची जागा. इथे मोहरा उमटतात. इथेच ग्रंथालयाचा कारकून तारीख घालून लिहितो, की अमुक दिवशी हे पुस्तक नजरेखालून गेले, अमुक दारोग्याच्या तहविलीतून तमुकाच्या तहविलीत गेले, दर्जा अव्वल की दुवम, किंमत इतके रुपये. ‘अर्जदीदा’ या शब्दाने सुरू होणाऱ्या अशा नोंदी शाही ग्रंथांवर एकाखाली एक, कधी तिरक्या, कधी उलट्या, जागा सापडेल तिथे कोंबलेल्या दिसतात. जहांगीर आणि शहाजहान यांनी तर स्वतःच्या हाताने पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे. जॉन सेलर या अमेरिकन अभ्यासकाने १९९७ मध्ये या नोंदींवर मोठा लेख प्रसिद्ध केला. तोपर्यंत चित्रांच्या नादात असलेल्या पुष्कळ जाणकारांनी हे पान नीट पाहिलेच नव्हते.

मोहोर वाचताना एक सावधगिरी हवी. मोहरेत नावाबरोबर हिजरी साल कोरलेले असते, पण ते मोहोर कोरल्याचे साल असते, पुस्तक मिळाल्याचे नव्हे. सरदाराला नवा किताब मिळाला की तो नवी मोहोर कोरून घेई आणि मग तीच वर्षानुवर्षे वापरी. दुसरी गोष्ट, पुसलेली मोहोर. नवा मालक जुन्या मालकाची मोहोर पाण्याने धुवून टाकी, शाईने काळी करी किंवा वर कागदाचा तुकडा चिकटवी. अशा डागाला दोष समजून पुस्तकविके ते आणखी ‘स्वच्छ’ करतात. माझ्या मते त्या डागाइतके मोलाचे पुस्तकात दुसरे काही नसते, कारण पुस्तक जबरदस्तीने हात बदलून गेले असेल तर ती गोष्ट तेवढा डागच सांगतो.

आता कागद. हाताने केलेला कागद कण्हेरीच्या किंवा खळीच्या थराने माखून, वाळवून, गुळगुळीत दगडाने घोटला जाई. घोटलेल्या कागदावर बोरू अडखळत नाही आणि काजळ व डिंक यांची शाई आत फुटत नाही, वरच बसते. म्हणून ती चारशे वर्षांनीही काळीभोर दिसते, आणि म्हणूनच ओल्या बोटाने सहज पुसताही येते. ओळी सरळ याव्यात म्हणून मिस्तर वापरत. जाड पुठ्ठ्यावर ताणून बसवलेल्या दोऱ्यांवर कागद ठेवून दाबला की त्यावर शाईशिवाय रेघा उमटतात. पान प्रकाशात तिरके धरले की त्या आजही दिसतात. मजकुराभोवती सोनेरी, निळ्या, तांबड्या रेघांची चौकट असते, तिला जदवल म्हणतात. मथळे हिंगुळाने तांबड्या अक्षरांत लिहिलेले असतात. पानांना आकडे नसतात. त्याऐवजी डाव्या पानावर काय येणार त्याचा पहिला शब्द उजव्या पानाच्या तळाशी तिरका लिहिलेला असतो. तो जुळला नाही तर मधले पान गेले असे समजावे. शेवटी पुष्पिका येते. तिच्यात लेखकूचे नाव, गाव, तारीख आणि क्षमायाचना असते. तेलापाण्यापासून आणि सैल बांधणीपासून राखावे अशी विनंती आपल्या संस्कृत पोथ्यांच्या शेवटी असते. फारसी पोथ्यांत कधी कधी ‘या कबीकज’ असे लिहिलेले आढळते. कबीकजाचे नाव घेतले की कसर लागत नाही अशी समजूत होती. त्याच नावाला कसरीने पोखरल्याचीही उदाहरणे आहेत.

हा कागद यायचा कुठून? दौलताबादी कागदाचे नाव मराठी दफ्तरांत जागोजागी येते. खुलताबादजवळचे कागजीपुरा हे गाव त्याच धंद्यावर वसलेले. पण खानदेशातही कागद होत असे. एरंडोलला हातकागदाचा धंदा चांगला भरात होता आणि इंग्रजी अमदानीपर्यंत तो टिकून होता. यावलही जाडाभरडा देशी कागद आणि नीळ यांसाठी प्रसिद्ध होते. आज एरंडोलच्या किंवा यावलच्या माणसाला हे सांगितले तर तो आश्चर्याने पाहतो. मला वाईट वाटते ते याचे. केळीच्या नि कापसाच्या या जिल्ह्याने एके काळी लिहिण्याची वस्तू पुरवली होती, हे त्याच्या आठवणीतूनच गेले आहे.

फारुकींनंतर बऱ्हाणपूरला जो माणूस येऊन बसला त्याच्यामुळे या शहराचे नाव ग्रंथांच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले. अब्दुर्रहीम खानखाना. शाळेच्या हिंदी पुस्तकात ज्याचे दोहे आपण पाठ केले तोच हा रहीम. बैरामखानाचा मुलगा, जन्म १५५६ चा लाहोरचा. १५८९ मध्ये त्याने बाबराच्या आठवणी तुर्कीतून फारसीत आणून अकबरापुढे ठेवल्या. १५९७ मध्ये गोदावरीकाठच्या आष्टीच्या लढाईत तो मुघल फौजेचा सेनापती होता, आणि त्याच लढाईत त्याच्या बाजूने लढताना राजा अलीखान फारुकी मारला गेला. पुढे त्याचा दक्षिणेतला मुक्काम वर्षानुवर्षे बऱ्हाणपूरला राहिला. शहराला पाणी देणारा भूमिगत कुंडी भंडारा त्याच्याच काळातला. तिथल्या कारभाराबरोबर त्याचे ग्रंथालयही होते. इराणातल्या नहावंदहून १६१४ मध्ये बऱ्हाणपूरला आलेल्या अब्दुल बाकीने १६१६ मध्ये ‘मआसिर-ए-रहीमी’ हा ग्रंथ पुरा केला. त्यात रहीमच्या लढायांबरोबरच त्याच्या पदरचे कवी, सुलेखनकार, चित्रकार, सोन्याची नक्षी काढणारे आणि बांधणी करणारे यांची नावानिशी दखल घेतली आहे. जिल्दसाजाचे नाव इतिहासात यावे, हे मला त्या ग्रंथाचे सगळ्यात मोठे पुण्य वाटते.

रहीमच्या हातून गेलेल्या एका पुस्तकाचा प्रवास लख्ख कळतो. हेरातचा मीर अली हा नस्तालीक लिपीचा मोठा उस्ताद. त्याने लिहिलेली जामीच्या ‘यूसुफ व जुलेखा’ची सचित्र प्रत रहीमकडे होती. १६१० मध्ये त्याने ती जहांगीरला नजर केली. त्याचा वकील ती घेऊन दरबारात गेला. जहांगीरने आपल्या रोजनिशीत तिची किंमत एक हजार मोहरा लिहून ठेवली आहे. ही प्रत आज पाटण्याच्या खुदाबख्श ग्रंथालयात आहे. हेरातच्या परंपरेत घडलेल्या उस्तादाचे अक्षर, मध्ये खानखानाचा संग्रह, मग पादशहाचे दालन आणि शेवटी बिहारमधल्या एका वकिलाने लोकांसाठी उघडलेले ग्रंथालय, असा हा प्रवास.

पण मला अधिक मोलाचे वाटते ते रहीमचे रामायण. अकबराच्या हुकमाने वाल्मीकि रामायणाचा फारसी अनुवाद झाला. बदायुनीने चार वर्षे खपून तो १५८९ मध्ये पुरा केला, आणि हे काम त्याला किती नकोसे होते तेही त्याने आपल्या इतिहासात लिहून ठेवले. पादशहाची सचित्र प्रत आज जयपूरच्या राजसंग्रहात आहे, तिच्यात १७६ चित्रे आहेत. अकबराची आई हमीदाबानू बेगम हिची १५९४ ची प्रत दोहा शहरातल्या संग्रहालयात आहे. तिसरी रहीमची. पादशहाची परवानगी मागून त्याने ती आपल्यासाठी करवून घेतली, आणि हे सगळे त्याने पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर स्वतःच्या हाताने लिहिले. ग्रंथ कुणाचा, अनुवाद कुणाच्या हुकमाने झाला, पंडितांनी अर्थ कसा सांगितला, आपण ही नक्कल कशी मिळवली, असे एका मोठ्या सेनापतीने आपल्या पुस्तकाबद्दल दिलेले निवेदन. त्या पानावर चित्र नाही. पण १३० चित्रे असलेल्या या ग्रंथातले कुठले एक पान वाचवायचे असे मला कुणी विचारले, तर मी तेच सांगेन.

या प्रतीची चित्रे १५९७ ते १६०५ या काळातली मानतात. ही वर्षे रहीमने दक्षिणेच्या मोहिमांत काढली. आष्टी झाली, १६०० मध्ये अहमदनगर पडले, बऱ्हाणपूर आणि जालना इथे त्याचे तळ होते. शाम सुंदर, गुलाम अली, फज्ल, कासिम, मोहन अशी चित्रकारांची नावे चित्रांवर आहेत. शाही चित्रशाळेच्या तुलनेत हे काम साधे. रंग कमी महाग, आकृत्या थोड्या ठोकळेबाज. कलेच्या बाजारात या शैलीला दुय्यम म्हणतात. मला या शब्दाचा राग येतो. पादशहाच्या चित्रशाळेत एका चित्रावर तीन-तीन माणसे राबत. इथे एकच चित्रकार रेखाटनापासून रंगापर्यंत सगळे करताना दिसतो, आणि म्हणून त्याचा हात ओळखता येतो. वानरसेना काढताना कुणाला मजा आली आणि कुणी नुसते उरकले हेही कळते.

रहीमच्या उतारवयात घराची पडझड झाली. थोरला मुलगा शाहनवाजखान १६१९ मध्ये गेला, त्याची कबर बऱ्हाणपुरातच आहे. पुढे शहाजहानच्या बंडात रहीम ओढला गेला, कैदेत पडला, आणि १६२७ मध्ये दिल्लीत वारला. रामायणाची ही प्रत एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानी फौजेतला इंग्रज अधिकारी कर्नल हेन्री बॅथर्स्ट हॅना याच्या संग्रहात होती. १९०७ मध्ये अमेरिकेतल्या चार्ल्स लँग फ्रीअर या उद्योगपतीने हॅनाचा संग्रह विकत घेतला आणि १९२३ मध्ये वॉशिंग्टनला उघडलेल्या फ्रीअर संग्रहालयात तो गेला. सेलरने १९९९ मध्ये या हस्तलिखितावर अख्खे पुस्तक लिहिले. इतके नशीब सगळ्यांचे नव्हते. रहीमच्या चित्रकारांपैकी काहींचे हात १६१६-१७ च्या एका सचित्र ‘रज्मनाम्या’तही दिसतात, म्हणजे महाभारताच्या फारसी अनुवादात. त्याची पाने सुटी होऊन देशोदेशीच्या संग्रहांत विखुरली. सुट्या पानाला मालकाचे पान जोडलेले नसते. चित्र जिथे जाईल तिथे पोरके असते.

फिरिश्त्याकडे पुन्हा वळतो, कारण त्याची गाठ पुढे थेट धुळ्याशी पडते. जॉन ब्रिग्ज हा मद्रास फौजेतला अधिकारी फिरिश्त्याच्या इतिहासावर वर्षानुवर्षे काम करत होता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या लढाईच्या दिवशी पेशव्यांच्या फौजेने पुण्याच्या संगमावरची रेसिडेन्सी लुटून जाळली. त्यात ब्रिग्जचा ग्रंथसंग्रह आणि फिरिश्त्याचा अनुवाद गेला. पुढच्याच वर्षी तो खानदेशचा पहिला पोलिटिकल एजंट झाला, त्याने धुळे हे ठाणे निवडले आणि आजच्या धुळे शहराची वाढ तिथून सुरू झाली. हरवलेले काम त्याने सोडले नाही. १८२९ मध्ये लंडनला चार खंडांत अनुवाद निघाला. मूळ फारसी मजकूर त्याने आणि मीर खैरात अली खान मुश्ताक या त्याच्या मुनशीने तपासून १८३१-३२ मध्ये मुंबईत शिळाछापावर छापला. फारुकींच्या पुस्तकातली वंशावळ अशी फिरिश्त्याच्या लेखणीतून छापखान्यापर्यंत आली. ब्रिग्जच्या नावाचा गवगवा झाला, मुश्ताक मागे पडला. प्रतींची ताडजोड करणाऱ्या मुनशीशिवाय यातले काही झाले नसते, हे मला इथे मुद्दाम नोंदवायचे आहे.

धुळ्यातच ३१ डिसेंबर १९२६ रोजी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे वारले आणि पुढच्याच महिन्यात त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. घरोघर हिंडून राजवाड्यांनी जुने कागद गोळा केले, तेच काम फारसी कागदांसाठी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ग. ह. खरे यांनी केले. ‘ऐतिहासिक फारसी साहित्य’चे खंड त्यांनी मराठी अनुवादासह काढले. शिवकालाचा अभ्यास फारसीवाचून लंगडा राहतो हे त्यांनी दाखवून दिले. आज महाराष्ट्रात शिकस्ता हे फारसीचे धावते अक्षर सहज वाचणारी माणसे फार थोडी उरली आहेत. विद्यापीठांत फारसी शिकायला येणारा मराठी मुलगा दुर्मीळ झाला आहे. मोडीचे वर्ग ठिकठिकाणी निघाले, तसे फारसीचे निघायला हवेत, आणि धुळे-जळगावात आधी निघायला हवेत.

कारण कागद अजून घरांत आहेत. खानदेशातल्या जुन्या गावांत काझी, पीरजादे, देशमुख, देशपांडे, कुळकर्णी यांच्या माळ्यांवर रुमालात बांधलेल्या सनदा आणि महजर आहेत. त्यांच्या पाठीवर पुढच्या पिढीच्या कारकुनाने मोडीत टीप लिहिलेली असते, की हा कागद अमुक इनामाचा. वाचता येत नाही म्हणून कुणी ते पवित्र समजून पूजेत ठेवतात, कुणी रद्दीत घालतात. पूजेत ठेवलेल्यांवर हळदीकुंकू नि तेल सांडते. हौसेने जपणारे तर प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करून आणतात आणि कागद कायमचा गुदमरवतात.

तेव्हा वाचकांना माझी विनंती अशी. घरात फारसी अक्षराचा कागद किंवा पुस्तक असेल तर त्याला चिकटपट्टी, लॅमिनेशन, तेल, वॉर्निश काही लावू नका. नवी बांधणी करायला देऊ नका, कडा कापू नका, शिक्का पुसट किंवा काळा केलेला असेल तर तो उजळायला जाऊ नका. दिवसाच्या उजेडात पहिल्या कोऱ्या पानाचा, शेवटच्या पानाचा आणि पाठीमागच्या बाजूचा फोटो घ्या. घरात तो कागद कुणाकडून कुणाकडे आला ते वडीलधाऱ्यांना विचारून वेगळ्या कागदावर तारखेसह लिहा. मूळ पानावर काहीही लिहू नका. मग मऊ सुती कापडात सपाट गुंडाळून ठेवा आणि धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाला किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाला कळवा. केंद्र सरकारने २००३ मध्ये राष्ट्रीय हस्तलिखित मिशन सुरू केले आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ या नावाने एक कोटीहून अधिक हस्तलिखितांच्या नोंदणीचे काम जाहीर केले. त्या नोंदणीत सोनगीर, थाळनेर, एरंडोल, यावल ही नावे यायची असतील तर आधी तुम्ही माळ्यावरचा रुमाल सोडला पाहिजे.